कर्नल काजळी आणि पोलादातली खाच

मंगळवारी दुपारी चर्चच्या जेवणासाठी केलेला पीचचा केक ओव्हनमधून काढताना नादीन स्टकीला आधी वास आला आणि मग वरच्या जाळीवरचं रिव्हॉल्वर दिसलं. सुटं केलेलं, डुकराची चरबी माखलेलं आणि चांगलं खरपूस भाजलेलं. चरबीचे थेंब तासभर खालच्या केकवर टपकत होते. केकला आता नासक्या अंड्यांचा वास येत होता.

"डेल्बर्ट!"

डेल्बर्ट स्टकी मागच्या अंगणात गोळ्या ओतायला शिसं वितळवत बसला होता. नादीनच्याच एका जुन्या पातेल्यात.

"ओव्हनमध्ये काय घालून ठेवलंयस?"

"अगं, धुतलं होतं, वाळायला ठेवलं. ओलं राहिलं तर गंज चढतो."

"मला सांगायचंस तरी!"

"ओव्हन लावायच्या आधी आत डोकावून बघायचं, एवढी साधी गोष्ट आहे," डेल्बर्ट उलट तिच्यावरच उखडला. "किती तापवलास? स्प्रिंग गेली असेल माझी!"

आता तुम्हीच सांगा, एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने यावर काय करावं? नादीनने केक उचलला आणि अख्खाच्या अख्खा कचऱ्याच्या डब्यात घातला. तेवढ्यात आत फोन वाजला. तिने तो घेतला, ऐकला, दोन शब्द बोलली आणि ठेवून दिला.

"कुणाचा होता?" डेल्बर्टने अंगणातून विचारलं.

"तुझ्या दुरुस्तीवाल्याचा. दुसऱ्या रिव्हॉल्वरचं काम सुरू करतोय म्हणे."

"शाब्बास! शनिवारच्या आत मिळायलाच हवं ते."

शनिवारी क्लबची वर्षातली सगळ्यात मोठी मॅच होती. कॉटनवूड बेंडच्या या क्लबात चांगली शहाणीसुरती माणसं दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे चढवून लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतात. तिथे कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारत नाही. गावचा दंतवैद्य तिथे 'फासावरचा फ्रँक' असतो आणि बँकेतली कॅशियर 'दरोडेखोर डॉली'. दहा-दहा वर्षं एका टेबलावर जेवलेल्या लोकांना एकमेकांची आडनावं ठाऊक नसतात. मेंबर वारला आणि पेपरात बातमी आली तरी कोण गेलं ते क्लबात कळत नाही. डेल्बर्टचं तिथलं नाव 'कर्नल काजळी'. फौजेत तो एक दिवसही नव्हता, चौतीस वर्षं पोस्टात होता, पण काजळी मात्र खरी होती.

कारण कर्नल काजळी ठासणीवाला होता. ठासणीच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडरच्या प्रत्येक घरात बंदुकीची दारू मोजून घालायची, त्यावर मक्याचं पीठ, त्यावर शिशाची गोळी, ती दांड्याने ठासायची, वरून चरबी फासायची आणि मागे मसुराएवढी तांब्याची टोपी बसवायची. मग बार, मग धूर, आणि मग घरी येऊन साबणाच्या गरम पाण्यात दोन तास घासाघीस. पीठ नादीनचं, चरबी नादीनची, साबण नादीनचा आणि सूपचं मोठं पातेलंही नादीनचं! पण अलीकडे काही लोक रिव्हॉल्वर कापून घ्यायला लागले होते. मागच्या पोलादात खाच पाडायची, नवं सिलिंडर बसवायचं, की आजची आयती काडतुसं एकामागून एक आत सरकतात. ठासणं नाही, टोपी नाही, धुणं नाममात्र.

या लोकांचं नाव काढलं की डेल्बर्टचा तिळपापड व्हायचा. "उद्या घोड्याला टायर लावतील!" असं तो सभेत टेबल बडवून म्हणाला होता. तीन वर्षं भांडून त्याने नियम करून घेतला: कापलेलं रिव्हॉल्वर घेऊन जो येईल, तो ठासणीच्या गटातून वर्षभर बाद. नुसता नियम करून थांबेल तर तो डेल्बर्ट कसला? तपासनीसही तोच झाला. मॅचच्या सकाळी टेबल टाकून, चष्मा लावून प्रत्येकाचं रिव्हॉल्वर उलटंपालटं करून बघायचा. गेल्या वर्षी त्याने 'वावटळ विनी' नावाच्या सत्तरीच्या निवृत्त शिक्षिकेला कापलेल्या रिव्हॉल्वरांवरून सगळ्यांसमोर बाद केलं होतं. वास्तविक तिच्यासारखी ठासणी क्लबात कुणाची नव्हती.

शुक्रवारी सकाळी डेल्बर्ट रॉली हॅस्क्यूच्या दुकानात गेला. रॉली बंदुका दुरुस्त करायचा, हात सोन्याचा. त्याने फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवलं. डेल्बर्टने फडकं उलगडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या पोलादात अंगठ्याएवढी सुबक, गुळगुळीत खाच होती आणि आत नवंकोरं सिलिंडर चकाकत होतं.

"हे काय आहे?"

"झकास झालंय की नाही, कर्नल?" रॉली म्हणाला. "पण हे तुमचं कसं? हे तर कुणा डी. स्टकीचं आहे."

"अरे गाढवा, मीच डी. स्टकी!"

"तुम्ही?" रॉलीने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही तर कर्नल काजळी."

"फॉर्मवर कुणी 'कर्नल काजळी' लिहितं का? फॉर्म म्हणजे फॉर्म! आणि कामाच्या रकान्यात मी स्पष्ट लिहिलं होतं, 'पूर्वी सांगितल्याप्रमाणे' म्हणून. मैदानावर तुला सांगितलं नव्हतं, की घोडा सैल झालाय, तेवढा घट्ट कर?"

"ते मला कर्नल काजळींनी सांगितलं होतं!" आता रॉलीचाही आवाज चढला. "मी तीन दिवस कर्नल काजळींच्या रिव्हॉल्वरची वाट बघतोय. हा स्टकी कोण, त्याने काय सांगितलं, मला कसं कळणार? त्या दिवशी मैदानावर सात जणांनी मला कामं सांगितली, त्यातल्या दोघांना काडतुसांसाठी कापून हवं होतं."

"मग न विचारता कापलंस?"

"मी न विचारता कापत नाही. एकदा कापलेलं पोलाद परत जोडता येत नाही, म्हणून आधी घरी फोन करतो, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. मंगळवारी केला होता. म्हटलं, काडतुसांसाठी कापायचंय की नुसता घोडा बघायचाय? बाई म्हणाल्या, 'कापा खुशाल.'"

 फडकं, रिव्हॉल्वर आणि टोपी उचलून डेल्बर्ट तडक घरी आला.

नादीन ओव्हन घासत होती. तिसऱ्यांदा.

"तू त्याला कापायला सांगितलंस?"

"हो, सांगितलं."

"चुकून?"

"चुकून कशाला? चांगलं समजून उमजून सांगितलं. केक डब्यात घातला आणि फोन घेतला."

"एका केकपायी? नादीन, माझी अकरा वर्षांची इज्जत होती त्या रिव्हॉल्वरमध्ये!"

"आणि माझं स्वयंपाकघर होतं!" नादीनने घासणी आपटली. "अकरा वर्षं माझ्या सूपला गंधकाचा वास येतोय. बायका माझ्याकडच्या डब्याला हात लावत नाहीत. गेल्या नाताळात तुझ्या बहिणीला बिस्किटात शिशाची गोळी लागली, दात पडला तिचा. ते जाऊ दे. हात दाखव."

"हाताचा काय संबंध?"

"दाखव म्हणते ना!"

डेल्बर्टने हात खिशात घातले. पण नादीनने ते रोजच पाहिलेले होते. बोटांचे सांधे सुजून गाठाळले होते. सकाळी जाकिटाची बटणं तीच लावून द्यायची. दोन वर्षं झाली, त्या इवल्याशा टोप्या त्याच्या हातून गवतात पडायच्या, आणि तो गुडघ्यावर बसून शोधत राहायचा. मागे रांगेतले लोक दुसरीकडे बघायचे.

"पहिल्या पाचात यायचास तू," ती म्हणाली. "आता शेवटून दुसरा येतोस. शेवटचा येतो त्याला एकाच डोळ्याने दिसतं. घरी येऊन रात्रभर कण्हतोस, ते मला ऐकू येत नाही असं वाटतं तुला?"

"ठासणीवाला ठासणीनेच मरेल," डेल्बर्ट तणतणला. "कुणी विचारलं होतं तुला?"

"रॉलीने विचारलं होतं," नादीन म्हणाली.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून डेल्बर्ट जास्तच मोठ्याने बोलला. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. शेवटी नादीनच म्हणाली, "एवढा आकांत कशाला? उद्या तपासणार कोण? तूच ना? मग चष्मा घरी ठेवून जा."

डेल्बर्टचा चेहरा लालेलाल झाला. इतका वेळ त्याला नुसता राग आला होता. आता त्याचा खरा अपमान झाला.

"मी? मी लबाडी करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या टेबलासमोर नेहमीसारखी रांग लागली. कर्नल काजळीने सतरा जणांची रिव्हॉल्वरं बघितली, सतरा शिक्के मारले. अठरावं नाव त्याचं स्वतःचं होतं. त्याने आपलं कापलेलं रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं, उठून टेबलाच्या पुढे गेला, परत मागे येऊन बसला, चष्मा पुसला आणि ते उचलून पाहिलं.  त्याने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कर्नल काजळी. कापलेलं रिव्हॉल्वर. वर्षभर बाद. तपासनीस, कर्नल काजळी.'

"अपील करता येतं, कर्नल," फासावरचा फ्रँक हळूच म्हणाला. नियमात तशी सोय होती.

"कुणाकडे?"

"तपासनिसाकडे."

"ऐकून घेतलं," डेल्बर्ट गुरगुरला. "फेटाळलं. पुढचा!"

कुणी हसलं नाही. वावटळ विनी तेवढी पुढे आली. अंगात काळा झगा, डोक्यावर पिसांची टोपी आणि कमरेला गेल्या वर्षीची ती दोन बाद रिव्हॉल्वरं. तिच्या तोंडून आता काय ऐकावं लागणार ते ठाऊक असल्यामुळे डेल्बर्टने दात आवळले.

"काडतुसवाल्यांच्या गटात या," ती म्हणाली. "दोन लागतात, तुमच्याकडे एकच आहे. हे माझं एक घ्या. मी पहिल्या फेरीत आहे, झालं की देते."

"मी काडतुसं उडवणार नाही. परंपरा म्हणून काही आहे की नाही?"

"कर्नल, तुमचं रिव्हॉल्वर सतरा वर्षांपूर्वी इटलीत बनलंय. माझं मांजर त्याहून मोठं आहे. कुठली परंपरा घेऊन बसलात? आणि हे बघा, मला घरी पाठवलंत तेव्हा मी दोन दिवस रडले. तुम्हाला रडायचं असेल तर आधी मॅच खेळा, मग रडा."

बाईंनी आयुष्यभर सातवीचे वर्ग सांभाळले होते. डेल्बर्ट निमूटपणे गेला.

त्याने दोन्ही रिव्हॉल्वरांत काडतुसं भरली. एकेकात पाच काडतुसं, पाच वेळा खुट्. बोटं दुखली नाहीत, गवतात काही पडलं नाही. पिपाणी वाजली आणि दहा पत्रे दहा वेळा खणखणले. धूर नाही म्हणून सगळे पत्रे शेवटपर्यंत दिसत होते, ही गोष्ट अकरा वर्षांत पहिल्यांदाच घडत होती. वेळ मोजणाऱ्याने घड्याळ दोनदा बघितलं. दिवसाच्या शेवटी कर्नल काजळी चाळिसांत चौथा आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेल्बर्ट भडकला. "यात काय कौतुक? हे कुणालाही जमेल! लाज वाटली पाहिजे!" असं तो ओरडला, आणि घरी येईपर्यंत गाडीत तेच बोलत होता. नादीन गाडी चालवत होती. तिने एका शब्दाने विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र त्याने जाकिटाची बटणं आपली आपण काढली, वीस मिनिटांत रिव्हॉल्वर पुसून कपाटात ठेवलं आणि रात्री गाढ झोपला.

सोमवारी सकाळी रॉलीने दुकान उघडलं तेव्हा डेल्बर्ट दारातच उभा होता. त्याला बघून रॉली दोन पावलं मागे सरला. डेल्बर्टने आपलं दुसरं रिव्हॉल्वर, ओव्हनमध्ये भाजलेलं ते, काउंटरवर ठेवलं. फॉर्म ओढून घेतला. नावाच्या रकान्यात लिहिलं, डी. स्टकी. कामाच्या रकान्यात लिहिलं, 'पूर्वी सांगितल्याप्रमाणे.'

रॉलीने ते दोनदा वाचलं. "कर्नल, तुम्ही मला काही सांगितलेलंच नाही."

"नाहीच सांगितलं. सांगणारही नाही."

"मग मी काय करू?"

"तुझ्या दुकानाचा नियम काय आहे?" डेल्बर्ट कडाडला. "पोलाद कापायच्या आधी घरी फोन करून विचारायचं, हाच ना?"

"हो."

"मग कर की फोन! नियम केलेत ते पाळायला नकोत? मी घरी नाहीये. अजून दहा मिनिटं मी इथेच आहे."

रॉलीने त्याच्याकडे पाहिलं आणि गुपचूप फोन उचलला. पलीकडे घंटा वाजायला लागली. डेल्बर्ट हात मागे बांधून, पाठ फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला.

"माझा याला सक्त विरोध आहे, हे लिहून घे," तो म्हणाला. "आणि पुढच्या मॅचच्या आत दे."