बाबांच्या वाट्याचे संवाद

सायलीनं लिहिलेल्या नाटिकेत आईच्या वाट्याला पानंच्या पानं संवाद होते आणि बाबांच्या वाट्याला एक वर्तमानपत्र. ते तोंडासमोर धरून कोपऱ्यात बसायचं आणि अधूनमधून खोकायचं, एवढीच बाबांची भूमिका. सिल्वासातल्या डोकमर्डीच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात ती करायची होती सायलीच्या खऱ्या बाबांना, म्हणजे शशिकांतरावांना, आणि आईची तिच्या खऱ्या आईला, कल्पनाला. तिथल्या धाग्याच्या कंपनीत ज्यांनी आवाज चढवला की अख्खी शिफ्ट हलते, त्या मेंटेनन्सच्या साहेबांना पोटच्या पोरीनं मुकं करून टाकलं होतं. ते भडकले.

भडकले, पण सायलीला काही बोलले नाहीत. त्यांनी कल्पनाला सांगितलं. त्या घरात रिवाजच तसा होता. सायलीला बूट हवे असले की ती आईला सांगायची आणि आई बाबांना. बाबांना मार्क जाणून घ्यायचे असले की ते आईला विचारायचे. तिघं एकाच टेबलावर जेवायची, पण निरोप जायचे ते कल्पनामार्गेच.

"तिला म्हणावं, बापाला एखादं तरी वाक्य दे," शशिकांतराव आमटी ओरपत म्हणाले.

कल्पना आतल्या खोलीत जाऊन उत्तर घेऊन आली. "ती म्हणते, गोष्टीतले बाबा असेच असतात. आईशी भांडता येतं, तिच्यावर रुसता येतं. बाबांचं जे काय ते आईकडून कळतं."

हे त्यांना फारच लागलं. त्या दिवशी भातही घेतला नाही. पोरगी आपल्याशी आपणहून शेवटचं कधी बोलली, ते आठवेना. दुसऱ्या दिवशी कंपनीत त्यांनी सुकदेव फिटरपाशी मन मोकळं केलं, तर तो धुळ्याकडचा गडी पाना पुसत म्हणाला, "पोरी अशाच राहतात, साहेब. माझी बी मले काही सांगत नाही, तिच्या मायले सांगती."

शेवटी कल्पनाच्या मध्यस्थीनं बाबांना एक प्रवेश मिळाला. मुलीला, म्हणजे सायलीलाच, वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला जायचंय, आई तिची विनंती बाबांकडे नेते, बाबांची हरकत मुलीकडे आणते, असा. तालमी सुरू झाल्या. कल्पना रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत इतक्या जिद्दीनं रागवायची, समजावायची आणि रडायची, की ऐन कार्यक्रमाच्या सकाळी तिनं चहाला हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा आली. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. संध्याकाळी हॉल खच्चून भरला, तरी घसा बसलेला तो बसलेलाच.

रंगपटात सायली आधी रडली. मग डोळे पुसून आईला म्हणाली, "बाबांना सांग, मी थेट त्यांनाच विचारेन."

बाबा हातभर अंतरावर उभे होते. तरी कल्पनानं तो निरोप त्यांना खुणांनी पोचवला. शशिकांतरावांनी घाईघाईनं केसांवरून कंगवा फिरवला. पोरगी थेट बोलणार, तीही भरल्या हॉलसमोर! कॉलरला माइक लावून घेताना ते सिंहांच्या परवानगीचं प्रेमळ उत्तर घोकत होते.

पडदा उघडला. सायली वर्तमानपत्रासमोर येऊन उभी राहिली. हाताची बोटं तिनं घट्ट आवळली होती.

"बाबा, सिंह राहू देत. मला सुट्टीत नाशिकच्या नाट्यशिबिराला जायचंय. एकटीला. जाऊ का?"

हे नाटिकेत नव्हतं. शशिकांतरावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि लेकीचा चेहरा पाहिला. ती नाटक करत नव्हती. घोकलेलं सगळं विरून गेलं आणि तोंडातून सवयीनं बाहेर पडलं, "आईला विचार."

हॉल हसून लोटपोट झाला. सायली हसली नाही.

"महिन्यापूर्वीच विचारलं. ती तुमचा मूड बघत राहिली, आणि आता तिचा आवाजच गेला."

"थांब, आलोच," म्हणत शशिकांतराव ताडकन उठले आणि विंगेत शिरले. कॉलरचा माइक चालूच होता. त्यांची कुजबुज अख्ख्या हॉलनं ऐकली. "कल्पना, अगं, ती थेट माझ्याशी बोलतेय. आता काय म्हणायचं असतं गं?"

कल्पनानं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिनं नवऱ्याला खांद्याला धरून वळवलं आणि रंगमंचावर ढकललं.

शशिकांतराव लेकीसमोर येऊन उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि हातांचं काय करावं तेही कळत नव्हतं.

"जा," ते म्हणाले. "पण पोचलीस की फोन कर. आईला नको. मला कर."

"किती वाजता करू?" सायलीनं विचारलं.

शशिकांतरावांनी विंगेकडे मान वळवली, आणि वळवली तशीच परत आणली.

"कधीही," ते म्हणाले.