डॉक्टर ऑडा यांचा परिवीक्षा काळ

जागा रिकामी होणं ही घटना असते, ती भरणं ही व्यवस्था असते, आणि भरायला आलेल्या माणसाला रिकाम्या जागेपेक्षा कमी गुण मिळणं हा निसर्गनियम असतो. रिकामी जागा उलट बोलत नाही, उशिरा उठत नाही, चहात साखर जास्त घालत नाही. तिच्याशी स्पर्धा करायला येणारा माणूस आल्या दिवशीच हरलेला असतो. त्याला तसं कळवायचं तेवढं बाकी असतं.

हे कळवण्याचं काम विठ्ठलरावांनी नोकरीत हयातभर केलं. धारवाडच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत ते अनुकंपा नियुक्त्या पाहत. म्हणजे कर्मचारी सेवेत असताना वारला की त्याच्या मुलाला किंवा बायकोला नोकरीत घ्यायचं, आणि पुढे तो निवृत्त होईपर्यंत त्याला 'तुझे वडील असे नव्हते' हे ऐकवत राहायचं. (यातला पहिला भाग नियमात आहे, दुसरा प्रघातात. प्रघात जास्त काटेकोरपणे पाळला जातो.)

निवृत्तीनंतर ही विद्या गंजू नये अशी सोय नवनगरात झाली. तिथे गोदूबाईंच्या घरी दर रविवारी संध्याकाळी 'दूरतारा' नावाची मालिका पाहायला चार जाणकार जमत. हुबळीच्या सुमंत वकिलांना धारवाड लांब पडे आणि धारवाडच्या विठ्ठलरावांना हुबळी खालच्या दर्जाची वाटे, म्हणून मधलं नवनगर. ते दोघांनाही सारखंच गैरसोयीचं, म्हणजे न्याय्य. चौथ्या होत्या निवृत्त शिक्षिका सरस्वतीबाई. त्या शेजारीच राहत आणि तरीही सर्वांत उशिरा येत.

'दूरतारा' म्हणजे अंतराळयानाची गोष्ट. मूळ परदेशी, कन्नडमध्ये डब केलेली, अकरा वर्षं चालू. यान कुठे निघालं आहे हे निर्मात्यांनाही ठाऊक नसावं, पण बशीतलं चुरमुऱ्यांचं गिरमिट संपेपर्यंत ते पोहोचू नये एवढी काळजी ते घेत. पाहणारे मराठी, भाषा कन्नड, माणसं परग्रहावरची. नवनगरात यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

यंदा या मालिकेतून विठ्ठलरावांना एक जावई मिळण्याचा संभव होता.

त्याचं असं होतं. विठ्ठलरावांची मुलगी सावनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. गोदूबाईंचा मुलगा साकेत धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याची बायको उत्तरा चार वर्षांपूर्वी तापानं गेली होती. सावनी आणि साकेत यांचं एकमेकांशी ठरलं होतं. ठरायचं राहिलं होतं ते फक्त इतरांचं. विठ्ठलरावांनी जमेची बाजू मांडली : मुलगा निर्व्यसनी, घर एका बसच्या अंतरावर, विहीण अकरा वर्षं जवळून पाहिलेली. तोट्याची बाजू त्यांनी कोरी ठेवली. आस्थापना शाखेत कोरी बाजू शुभ मानतात.

अडचण एकच. गोदूबाईंना बदली माणूस चालत नसे. आणि नेमक्या याच वर्षी यानावरच्या डॉक्टर मीरेल वायूच्या ढगात सापडून वारल्या (अभिनेत्रीचा करार संपला त्याच आठवड्यात तो ढग आला, हा अंतराळातला योगायोग) आणि त्यांच्या जागी डॉक्टर ऑडा आल्या.

विठ्ठलरावांनी सरळ हिशेब केला. गोदूबाईंनी यानावर दुसरी डॉक्टर मान्य केली, तर घरात दुसरी सून मान्य करायला तांत्रिक हरकत उरणार नाही. तेव्हा आधी ऑडाबाईंचा परिवीक्षा काळ, म्हणजे नेमणुकीनंतरची परीक्षेची मुदत, संपवून त्यांना सेवेत कायम करून घ्यायचं, मग सावनीचं प्रकरण पुढे सरकवायचं.

पण बदली पात्रांबाबतचे नियम विठ्ठलरावांनीच केलेले होते. पाच वर्षांपूर्वी यानाचा मुख्य यंत्रज्ञ बदलला तेव्हा त्यांनी ते तोंडी जाहीर केले आणि सर्वांनी ते पाठ केले. नव्या पात्रानं जुन्याच्या आसनावर लगेच बसू नये, कारण ते आगाऊपणाचं. उभंही राहू नये, कारण ते ढोंगीपणाचं. जुन्याची आठवण काढली तर नाटकी, न काढली तर कृतघ्न. काम जमलं तर ती जुन्यानं घालून दिलेल्या घडीची पुण्याई, फसलं तर 'तो असता तर'. नवं पात्र हसलं तर त्याला कशाचं काही नाही. न हसल्यास त्याला अभिनय येत नाही. या नियमांतून आजवर एकही पात्र पास झालेलं नव्हतं, आणि नियम चांगले असल्याचा पुरावा म्हणून मंडळी तेच सांगत. (तो नवा मुख्य यंत्रज्ञ दोन वर्षांत स्फोटात गेला. त्यानंतर तोही 'काय माणूस होता' या यादीत गेला.)

पहिल्याच रविवारी गोदूबाईंनी डोळे मिटून ऑडाचं बोलणं ऐकलं आणि निकाल दिला, "आवाजात माया नाही की हो. मीरेल रोग्याला 'मगू', बाळा म्हणायची तेव्हा आपल्यालाच हाक मारल्यासारखं वाटायचं."

"अक्का," विठ्ठलराव जपून म्हणाले, "कन्नड आवाज दोघींना एकाच बाईचा आहे. शेवटी नावं येतात त्यात बघितलंय मी."

गोदूबाईंनी डोळे उघडले. "मग तीच या खेपेला मन लावून बोललेली नाही."

"हौद्री, सुम्मे, उगीच आपलं वाचून दाखवलंय," सरस्वतीबाईंनी दुजोरा दिला. सुमंत वकिलांनी हा पुरावा ग्राह्य धरला. चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला साकेत विठ्ठलरावांकडे बघून किंचित हसला, आणि विठ्ठलरावांना ते हसू फारच जावयासारखं वाटलं.

पुढचे काही रविवार त्यांनी जिवापाड कष्ट केले. ऑडाबाईंनी एका शस्त्रक्रियेत सहा पायांचा राजदूत वाचवला, तेव्हा त्यांनी एकट्यानं टाळी वाजवली. ती खोलीत फार वेळ ऐकू येत राहिली. मग पाचव्या भागात संधी आली. ऑडाबाईंनी मीरेलचा जुना बिल्ला कपाटातून काढला आणि न बोलता आपल्या छातीवर, आपल्या बिल्ल्याच्या खाली लावला.

विठ्ठलराव खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "बघा अक्का, याला म्हणतात वळण! कुणी सांगायला लागलं का? आणि खोली बघा तिची. मीरेलचा पडदासुद्धा बदललेला नाही. बोलणं तरी किती? विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. दुसरी यावी तर अशी यावी."

गोदूबाईंनी गिरमिटाची बशी खाली ठेवली. अकरा वर्षांत मालिका चालू असताना त्यांनी बशी खाली ठेवल्याची नोंद नव्हती.

"हे पटलं मला," त्या म्हणाल्या.

डॉक्टर ऑडा सेवेत कायम झाल्या. विठ्ठलराव त्या रात्री बसमध्ये खिडकीपाशी बसून स्वतःशीच हसत धारवाडला आले. दुसऱ्या दिवशी गोदूबाईंचा फोन आला. स्थळ मान्य होतं. सावनीनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, दुसरेपणावर आलेल्या सुनेनं आमच्याकडे घालायची रीत आहे. उत्तराच्या खोलीतला पडदा बदलायचा नाही. आणि रविवारी मंडळी जमली की स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बसायचं. उत्तराही तिथंच बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही.

"अक्का, पण हे..."

"तुम्हीच म्हणालात की, विठ्ठलराव. दुसरी यावी तर अशी यावी."

सावनीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भौतिकशास्त्राच्या लोकांचं शांत राहणं चांगलं लक्षण नसतं.

"अप्पा, तुम्ही माझं लग्न ठरवताय की परिवीक्षा?"

"दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात, बाळ."

"आणि तो पडदा?"

"जांभळा आहे. वाईट नाही तसा."

"मी रंग विचारला नव्हता. येत्या रविवारी मीही येते. हे लग्न मोडायचं असेल तर मला माझ्या हातानं मोडू द्या."

विठ्ठलरावांना झोप लागली नाही, कारण त्यांना पडदा आठवत होता. उत्तरानं तो आणला तेव्हा ते त्या घरात बसलेले होते. गोदूबाईंनी त्याला नावं ठेवली होती आणि विठ्ठलरावांनी मान डोलावली होती. खरं तर उत्तरा होती तोवर गोदूबाईंना तिच्यात स्वतःच्या सासूबाईंची सर दिसली नव्हती : भाजणी कच्ची, रांगोळी घाईची, स्टुलावर बसणं वाकडं. उत्तराची सेवा कायम झाली ती तिच्या निधनानंतर. अनुकंपा नियुक्तीत अशी तरतूद नाही, पण घरोघरी ती वापरात आहे.

रविवारी सावनी आली. स्टूल रिकामं होतं. ती आत गेली, जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून आणली आणि साकेतच्या शेजारी मांडली. कुणी हरकत घ्यायच्या आत टीव्हीवर आकाश फाटलं आणि त्यातून डॉक्टर मीरेल बाहेर आल्या. जिवंत. (वायूच्या ढगात काळ थांबतो, असा खुलासा करण्यात आला. अभिनेत्रीला दुसरीकडे काम मिळालं नसावं, असा सुमंत वकिलांनी केला.)

गोदूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. सरस्वतीबाईंनी हात जोडले. हे सुख पहिल्या जाहिरातीपर्यंत टिकलं.

"वाळलीय नाही?" सरस्वतीबाई म्हणाल्या.

"आल्या आल्या आपल्या खुर्चीत बसली," सुमंत वकील म्हणाले. "नियम एक."

"आणि ऑडाला धड विचारलंसुद्धा नाही, की बाई, माझ्यामागं एवढं केलंस," गोदूबाई म्हणाल्या. "नाही हो. ही ती नाहीच. पहिल्यासारखं काही राहिलं नाही हिच्यात. त्यापेक्षा ऑडाच बरी होती."

"काकू," सावनी म्हणाली, "म्हणजे मेलेली होती तेव्हाच बरी होती ना?"

टीव्हीवर एक बाई नव्या कुकरबद्दल अत्यानंदानं बोलत होती. विठ्ठलरावांनी आपला जावई दारातून निघून जाताना स्पष्ट पाहिला.

पण साकेत जागचा हलला नव्हता. "आई," तो म्हणाला, "उत्तरानं तो जांभळा पडदा लावला तेव्हा तू आठवडाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतंस."

गोदूबाईंनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"त्या पडद्यानं दवाखाना वाटायचा," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "अजून वाटतो." मग पदरानं नाक पुसून त्यांनी स्वर सावरला. "पण टाक सोनाराकडे घडवायला टाकलाय. तो घडवून झाला असेल. त्याचं काय करू?"

"आठवण यांची आहे," सावनी साकेतकडे बोट करून म्हणाली. "टाकही यांनीच घालावा."

साकेतनं घातला. बेलूरच्या कारखान्यात यंत्राजवळ गळ्यात काही घालायला बंदी आहे, त्यामुळे दिवसभर टाक जेवणाच्या डब्यात लोणच्याच्या वाटीशेजारी असतो. उत्तराला लोणचं आवडायचं, असं साकेत सांगतो. गोदूबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं.

लग्न झालं. पडदा उतरला. त्यानंतरच्या रविवारी विठ्ठलराव नेहमीच्या बसनं नवनगरला आले, नेहमीच्या खुर्चीत बसले. सावनीनं त्यांच्यापुढे गिरमिट ठेवलं आणि सरस्वतीबाईंनी घसा साफ केला.

"विठ्ठलराव, रागावू नका, पण लेकीच्या सासरी बापानं दर रविवारी बशी पुढं घेऊन बसायचं, हे बरं दिसतं का? आमच्यात तर नातवंड होईतो पाणीसुद्धा घेत नाहीत."

"असला काही नियम आहे का?" सावनी म्हणाली. "अप्पा, तुम्ही बसा."

"नियम नाही," विठ्ठलराव म्हणाले. "प्रघात आहे." आणि ते उठले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी प्रघात मोडला नव्हता. बशीतली मिरची त्यांनी न चावता तशीच ठेवली, आणि कोरी ठेवलेली तोट्याची बाजू बसस्टॉपवर उभ्या उभ्या भरून टाकली.

आता ते धारवाडला एकटे 'दूरतारा' बघतात. नवनगरची खबर सावनी फोनवर देते. दर रविवारी कुणीतरी म्हणतंच, "विठ्ठलराव असते तर यावर काहीतरी नेमकं बोलले असते." ते असताना त्यांच्या बोलण्यावर वकील घोरत असत. आता त्यांची टाळी आठवून गोदूबाईंचे डोळे भरतात. विठ्ठलराव फक्त धारवाडात आहेत, पण सेवेत कायम होण्यासाठी तेवढं अंतर पुरतं.

एकूण जमाखर्च असा : गोदूबाईंना सून मिळाली, साकेतला बायको, सावनीला तिनं स्वतः आणलेली खुर्ची. विठ्ठलरावांना जावई मिळाला आणि त्याची परतफेड त्यांनी रविवारच्या जागेनं केली. उत्तराच्या नावावर एक पडदा होता, तोही खर्ची पडला.

विठ्ठलरावांची खुर्ची अजून रिकामी आहे. अळणावर गावच्या परशुराम नावाच्या एका सज्जनांना तीन रविवार बसवून पाहिलं, पण ते इतरांच्या आधी हसत. नवीन माणूस हवा आहे. वाचक, अर्ज करण्याची तसदी घेऊ नका, तुमची पात्रता तपासून झालेली आहे. या गोष्टीत उत्तराबद्दल जेमतेम आठदहा वाक्यं आली, त्यांतली निम्मी पडद्याची. तिचा चेहरा नाही, आवाज नाही. तरी ती गुणी होती हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि सावनी जरा फटकळच आहे, हे मत तुम्ही तिनं खुर्ची उचलली त्याच क्षणी करून टाकलंत.

तेव्हा रविवारी या. फक्त वेळेवर या. विठ्ठलराव नेहमी वेळेवर येत.