दोन बग्ग्या आणि निमजेकाका

निमजेकाका माणसाला गाडीत बसवतात आणि म्हणतात, "सर, आ करा."

दात दाखवायचे नसतात. गळा मोकळा सोडून, एका सुरात, दम संपेपर्यंत "आ" म्हणायचं असतं. गाडी चालू लागते, तुमचा "आ" हादरू लागतो आणि शेजारी स्टिअरिंग धरून बसलेले काका डोळे बारीक करून ऐकत असतात. आवाज बारीक थरथरला, तर टायरमध्ये हवा जास्त. मध्येच उचकी लागली, तर मागचे शॉकॲब्जॉर्बर कामातून गेलेले. आणि आवाज "आक्" होऊन साफ बंदच पडला, तर स्प्रिंग तळाला टेकली. त्यात माणसाची जीभ चावली गेली असली, तर ती काका निदानात धरत नाहीत.

मनीषनगरात ते आमच्या समोर राहतात. हा प्रयोग त्यांनी ऑटोत केला आहे, शहर बसमध्ये केला आहे, आणि नव्या गाडीचे पेढे द्यायला आलेल्या एका शेजाऱ्याच्या गाडीत तर बॉनेटवरचा हार सुकायच्या आत केला. तो शेजारी आता पेढे आमच्याकडे ठेवून जातो. मेट्रो सुरू झाली तेव्हा काका मोठ्या हौसेने बसले आणि पुढच्याच स्टेशनवर उतरले. "काही मजा नाही जी. समदं सपाट. हिच्यात आ करून फायदा काय?"

मी कॉलेजात मराठी शिकवतो. वाहनांमधलं मला काही कळत नाही. पण मागच्या बाकावर झोपलेल्या पोरांपर्यंत आवाज पोचवता पोचवता माझा दम वाढलेला आहे, आणि हे काकांना एकदा कळलं तेव्हापासून माझे रविवार गेले.

काकांनी जन्मभर ट्रकच्या कमानी आणि स्प्रिंगा बनवल्या. घराणं उमरेडच्या विणकरांचं. हातमाग वडिलांच्या हयातीतच बंद पडला आणि मुलाने सुताऐवजी लोखंड हातात धरलं. कारखाना आता पुतण्या बघतो. काका घरी बसून मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहतात. वाळवंटात, डोंगरात उधळणाऱ्या त्या उघड्या गाड्या असतात ना, वर लोखंडी पिंजरा, खाली चार जाड टायर आणि मध्ये शेजारी शेजारी दोन खुर्च्या, त्यांच्या तुलनेचे व्हिडिओ. तिकडे त्यांना साइड-बाय-साइड म्हणतात, काका बग्गी म्हणतात. व्हिडिओतला गोरा माणूस इंजिनाची ताकद सांगतो, वेग सांगतो. काकांना इंग्रजी येत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. "तो काय बोलून राहिला ते सोडा, सर. बोलताना त्याचा आवाज थरथरते का, ते ऐका. धावते तर कुत्रंही. गाडीनं मानूस आरामात नेला पाहिजे नं."

हे सगळं मोबाइलपुरतं राहिलं असतं, तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण अशी एक बग्गी काकांच्या मालकीची आहे. लाल. आणि दुसरी, हिरवी, भिवापूरच्या पडोळ्यांच्या मालकीची.

पडोळे हे काकांचे व्याही. आमच्याकडे इवाई म्हणतात. मिरचीचे व्यापारी, भरघोस मिशा, बोलणं कमी. काकांच्या मुलाचं आणि पडोळ्यांच्या प्राचीचं लग्न झालं तेव्हा नव्या जोडप्याला घेऊन दोन्ही घरं एका ॲडव्हेंचर पार्कात गेली होती. जोडपं बग्गीत एक चक्कर मारून कंटाळलं. दोघे बाप मात्र उतरायला तयार होईनात. शेवटी पार्कवाल्याने किल्ल्या काढून घेतल्या. पुढे पार्क बंद पडलं आणि सामान विकायला निघालं, तेव्हा एकाने लाल घेतली म्हणून दुसऱ्याने हिरवी घेतली. मुलाकडच्यांजवळ आहे आणि मुलीकडच्यांजवळ नाही, असं कसं चालेल? पडोळ्यांच्या मिरची सुकवायच्या वाडीला लागून त्यांची मोठी बरड जमीन आहे. तिथे शेड टाकली आणि दोन्ही गाड्या तिच्यात राहिल्या.

लग्न मात्र राहिलं नाही. भांडणतंटा फारसा झाला नाही. दोघांचं जमत नव्हतं, कोर्टात जाऊन मोकळे झाले. मग भांडी परत गेली, दागिने परत आले, आहेराच्या साड्यांवरून दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींचा उद्धार केला. निमजेकाकूंनी त्या घराचं नाव काढायला बंदी घातली, प्राचीचंही. तिकडे पडोळ्यांकडेही तसंच झालं म्हणतात. मुलगा पुण्याला, तो फोनवर नेहमी घाईत असतो. सगळी देवाणघेवाण झाल्यावर परत करायच्या राहिल्या त्या बग्ग्या, कारण लाल गाडी आणून ठेवायला मनीषनगरात जागा नव्हती. निदान काका तरी तसं सांगतात. त्यांच्या अंगणात दोन बग्ग्या सहज मावतील.

तर दर रविवारी काका "गाडी पाहाले" भिवापूरला जातात आणि मला नेतात. काकूंना सांगायचं ते असं, की ते मला उमरेडकडचं एक जुनं देऊळ दाखवायला नेतात. एकच देऊळ मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की काकूंच्या मते मी एक तर फार भाविक आहे किंवा फार मंद.

भिवापूरला पोचल्यावर तुलना सुरू होते. कोणती बग्गी माणसाला जास्त आरामात नेते, लाल की हिरवी? वाडीपासून लांबच्या बाभळीपर्यंत दगडाधोंड्यांचा रस्ता. आधी मी काकांच्या लाल गाडीत बसून "आ" करायचा, मग पडोळ्यांच्या हिरवीत. हवेत मिरचीची धूळ असते, त्यामुळे "आ" मध्येच शिंकेत जातो आणि ती फेरी बाद धरतात. नातं तुटल्यामुळे दोघांनी एकमेकांशी बोलणं बरं दिसत नाही. म्हणून हातभर अंतरावर उभे राहून ते माझ्यामार्फत बोलतात.

"सर, त्यायले सांगा, लाल गाडी आज उजवीकडं झुकून राहिली."

"सर, त्यायले सांगा, आपली पाहा म्हना."

मी मान वळवून "आपली पाहा म्हणतात" असं म्हणेपर्यंत पडोळ्यांचं उत्तर तयार असतं. वर्गात पोरांनी माझं इतकं ऐकलं असतं, तर मी धन्य झालो असतो.

निकाल दर वेळी लालच्या बाजूने लागायचा. हिरवी खरं तर जास्त चांगली गाडी. रुंद, चाकं धरणाऱ्या लांब दांड्यांची, मोठा खड्डा पोटात घेणारी. पण पडोळ्यांनी तिच्या स्प्रिंगा पार आवळून ठेवल्या होत्या. आवळल्या, की गाडी उंच उभी राहते, आणि पडोळ्यांना आपली गाडी लालपेक्षा वीतभर उंच हवी होती. लग्नात मुलीचा बाप म्हणून ते सगळीकडे वाकले होते. पाय धुतले, मागच्या रांगेत बसले, आमच्या काकांच्या दूरच्या मामाचे रुसवेफुगवे काढले. लग्न मोडलं आणि त्यांनी गाडी वर उचलली. ती लाकडी खाटेसारखी टणक झाली, तरी त्यांनी एक आटा सैल केला नाही. "सर, त्यायले सांगा, माह्या गाडीले कोनी हात लावायचा नाही."

मग गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पडोळे हिरवीतून उतरले ते पिंजऱ्याचा नळ धरून. कंबर सरळ होईना. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"सर, त्यायले सांगा, मी गाडी इकून राहिलो. डॉक्टरनं हादरे बंद सांगतले. पुढच्या रविवारी सांजच्याले गिऱ्हाईक येऊन राहिलं."

एक बग्गी गेली, की तुलना संपली. तुलना संपली, की लाल गाडी तिथे ठेवायचं कारण उरत नाही, आणि काकांना भिवापूरला जायचंही. हे मला कळलं, काकांना कळलं, आणि पडोळ्यांच्या तोंडाकडे पाहता त्यांना तर ते आधीच कळलं होतं.

"त्यायले सांगा," काका म्हणाले, "इका म्हना."

परत येताना उमरेडच्या अलीकडे रस्ता खोदून ठेवलेला आहे. तिथे काका मला हमखास "आ" करायला लावतात. त्या दिवशी आम्ही तिथून दाणदाण आदळत गेलो आणि ते एक अक्षर बोलले नाहीत. मला काळजी वाटली. मी आपणहून थोडा "आ" करून पाहिला, तर म्हणाले, "राहू द्या, सर."

बुधवारी सकाळी ते कॉलेजच्या फाटकावर हजर. मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेलं जड काहीतरी. "चला. ते बाजारात गेले असतीन आता."

"काका, आज माझा तास आहे."

"पोट्टे झोपतेतच नं? मंग झोपू द्या."

हा अपमान गिळून मी गेलो. वाडीत मिरच्या उलटवणाऱ्या बायांना काकांनी "आमची गाडी पाहाले आलो" म्हणून सांगितलं आणि सरळ हिरवीखाली शिरले. पोत्यात नव्या स्प्रिंगा होत्या. पुतण्याच्या कारखान्यात स्वतः उभं राहून बनवून घेतलेल्या. जुन्यांपेक्षा लांब, पण तार बारीक.

"लांब कशाला?" मी विचारलं. "नुसत्या जुन्या सैल केल्या असत्या तर?"

"मंग गाडी खाली बसली असती." काकांनी आतून हात बाहेर काढून जमिनीपासून पिंजऱ्यापर्यंत विती मोजल्या. "मऊ तर झाली पाहिजे, पन एक बोटही उतरली नाही पाहिजे. काहून उतरावं त्यायनं? पोरीचे बाप आहेत म्हून?"

म्हणून स्प्रिंग लांब, म्हणजे उंची टिकते. आणि बारीक, म्हणजे हादरा आत जिरतो. एवढं मलाही समजलं. या वयाला तो माणूस दुपारपर्यंत उताणा पडून पाने फिरवत होता, आणि मी बाहेर पहारा देत मिरचीने शिंकत होतो. निघताना त्यांनी पुन्हा विती मोजल्या आणि मला दम भरला, "त्यायले एक शब्द सांगू नका."

रविवारी पडोळ्यांनी शेवटची तुलना म्हणून मला हिरवीत बसवलं. मी "आ" लावला. वाडी गेली, दगड गेले, मोठा खड्डा आला आणि गेला, माझा "आ" सरळ बाभळीपर्यंत पोचला. मी स्वतःच चकित झालो. पडोळ्यांनी गाडी थांबवली. कंबरेला हात लावून पाहिला. मग खाली उतरून चाकामागे वाकले.

"सर, ह्या स्प्रिंगा माह्या नाही."

मी आकाशाकडे पाहिलं.

"मिरची इकतो मी. डोये शाबूत हायेत माहे." ते उभे राहिले आणि पिंजऱ्याचा वरचा नळ आपल्या छातीशी लावून पाहिला, रोज पाहत असावेत तसा. "उंची तेवढीच ठेवली," म्हणाले. मिशा जरा हलल्या. मग गाडी वळवून शेडकडे घेतली.

शेडमध्ये काका लाल गाडीची न मळलेली काच पुसत होते.

"सर, तुमी उतरा," पडोळे म्हणाले. "अन् त्यायले सांगा, बाजूले बसा म्हना."

"काका, बसा म्ह—"

"आयकू आलं मले," काका म्हणाले, आणि हिरवीत चढले.

इतक्या वर्षांत त्या दोघांना एका गाडीत मी पहिल्यांदा पाहिलं. हिरवी दगडांवरून डुलत गेली आणि बाभळीशी थांबली. इंजिन बंद झालं. मी वाट पाहिली. कोणी उतरेना. पडोळ्यांची कंबर धरली की काय, या भीतीने मी धावत निघालो. माझ्या मानाने धावत. जवळ गेलो तेव्हा दोघेही समोर बघत बसले होते. पाठमोरे. मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

"प्राची कशी आहे जी?" काका विचारत होते.

माझ्यामार्फत हा प्रश्न कधीच आला नव्हता. एवढ्यासाठी हा माणूस दर रविवारी इतका रस्ता तुडवत येत होता, आणि तोंड उघडत नव्हता. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"बरी हाय. बंगलोरले हाय आता. रविवारी फोन करते, रातच्याले." पडोळ्यांनी स्टिअरिंगवरून बोट फिरवलं. "दर खेपे एकच इचारते. बाबा आले होते का, म्हन्ते."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मले नाही ते बाबा म्हनत," पडोळे म्हणाले. "मले आप्पा म्हन्ते."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला. मग म्हणाले, "मंग तुमी काय सांगता तिले?"

"सांगतो नं. आले होते म्हन्तो. गाडी पाहाले."