जंतूंचं शाही स्नान

मुलांनो, एका जंगलात रुस्तुमराव नावाचा वाघ राज्य करायचा. म्हातारपणी त्याचे दात पडले. पण दात पडले असं राजानं कसं सांगायचं? त्यानं जाहीर केलं, "आम्ही अहिंसा स्वीकारली आहे."

तेव्हापासून तो तुंगा म्हशीचं दूध पिऊ लागला. राजाचं बघून सगळं जंगल दूध पिऊ लागलं. तुंगा डबक्यात लोळून यायची आणि तशीच धारेला उभी राहायची.

जंगलाची वैद्य होती काटेबाई नावाची साळिंदर. ती दरबारात म्हणाली, "महाराज, या दुधात डोळ्यांना न दिसणारे लाखो जंतू आहेत. धारेआधी म्हशीचे सड धुवा. आणि दूध उकळा, म्हणजे जंतू मरतील."

"मरतील?" राजगुरू बगळा एका पायावर उभ्या उभ्या किंचाळला. "लाखो जीव? एका पातेल्यात? महाराज, तुम्ही उभ्या जन्मात एवढे मारले नाहीत!"

रुस्तुमराव हादरला. लगेच दवंडी पिटली. दूध उकळणं म्हणजे खून! जंतू आजपासून आपले पाहुणे!

आठ दिवसांत सगळं जंगल झुडपांमागे जाऊन बसलं. अस्वलाला उलट्या, सशांना जुलाब. माकडांच्या झाडाखालून कोणी जाईना. हरिणीचं पाडस तर तापानं फणफणलं, डोळे उघडेना.

बगळा म्हणाला, "घाबरू नका, ही शरीराची शुद्धी आहे." एवढं बोलून तो दोन्ही पायांवर आला आणि पळत सुटला.

शेवटी रुस्तुमरावही सिंहासनावर बसेना. "काटेबाई, काय चुकलं हो आमचं?"

"दूध उकळलं नाही, महाराज."

"पण हिंसा!"

काटेबाईनं पाडसाकडे पाहिलं. खरं काय ते सांगून झालं होतं.

"महाराज, पाहुणे येऊन आठ दिवस झाले. त्यांना कोणी आंघोळीचं विचारलं?"

रुस्तुमराव ओशाळला. "अरेरे! नाही हो."

"ते दुधातच राहतात. म्हणून दूधच तापवायचं. चांगल्या उकळ्या येईपर्यंत."

"त्यांना भाजलं तर?"

"आंघोळीनंतर आजवर एकानंही तक्रार केलेली नाही, महाराज."

राजाला पटलं. पाहुण्यांसाठी अंगण धुतात तशी तुंगा धुतली गेली. रोज सकाळी जंतूंचं शाही स्नान होऊ लागलं. काटेबाईनं पाडसाला मीठ-साखरेचं पाणी चमचा-चमचा पाजलं. चौथ्या दिवशी ते उड्या मारू लागलं आणि हरिणी रडत रडत हसली.

मग दरबार भरला. बगळ्यानं 'स्नानाचं महत्त्व' या विषयावर दोन तास व्याख्यान दिलं. त्याला शाल मिळाली.

काटेबाईला नोटीस मिळाली. 'एवढी साधी गोष्ट आधी का सांगितली नाही?'

तात्पर्य : मुलांनो, खरं नेहमीच बोलावं. पण दूध तापवायचं असेल, तर नुसता जाळ पुरत नाही; थापही लागते.