सांग बरं, मी कोन?

कामरगावात आमच्या शेजारी राहणारे गुलाबराव वांगी तोडतानाही हेल्मेट घालतात. दाढी करताना, किराणा आणताना, तेरवीच्या पंगतीतसुद्धा हेल्मेट डोक्यावरच. घास घ्यायचा तेव्हा काच तेवढी वर करतात.

कुणाला दाराची चौकट जरी लागली, तरी धावत येऊन विचारतात, "सांग बरं, मी कोन?" नाव नीट सांगितलं तर सुटका. अडखळलात तर थेट वाशीमचा दवाखाना. "डोकं म्हंजे कवठ हाय. बाहेरून साबूत, आतलं कोनाले दिसते?" हे त्यांचं पालुपद.

माझ्या पुतणीच्या लग्नात घोड्यावरून उतरताना नवरदेवाचं डोकं मांडवाच्या बल्लीवर आपटलं. फेट्यामुळे वाचला, हसलाही. पण गुलाबराव पुढे सरसावलेच. "सांग बरं, मी कोन?"

पोरगा पोहरादेवीकडचा. या हेल्मेटवाल्याला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. "नाही ओयखलं," तो म्हणाला.

"ओयखत नाही! जीप काढा!"

बाशिंगासकट नवरदेव वाशीमला, मागोमाग करवल्या आणि बँडवाले. डॉक्टरांनी गुलाबरावांना विचारलं, "तुम्ही याचे कोण?"

"कोनीच नाही."

"मग तो ओळखणार कसा?"

"थे तुमी पाहा. पयले फोटो काढा."

डोक्याचा फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "डोक्याला मार लागलेले पुष्कळ येतात हो. पण हळद लावून, झोपवून, दुसऱ्या दिवशी आणतात. इतक्या लवकर कुणी आणत नाही." गुलाबराव खाली मान घालून उभे राहिले.

मुहूर्त टळला, लग्न संध्याकाळी लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना झापायला निघालो.

ते आपल्या दारातच होते. हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं, केस विंचरले. वर्षभरात त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आत त्यांची बायको लसूण सोलत होती. गेल्या वर्षी ती गाडीवरून पडली, तेव्हा यांनीच टेंगळाला हळद लावून तिला झोपवलं होतं. दवाखान्यातून वाचून आली, एवढंच गावाला ठाऊक. त्यानंतर ती घराबाहेर दिसली नव्हती.

"सांग बरं, मी कोन?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने निरखून पाहिलं. "नाही ओयखलं बा. बसा भाऊ. आमचे हे येतीनच आता वावरातून."

झापायला आलेला मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

गुलाबराव तिच्यासमोर बसले आणि लसूण सोलू लागले.

"लय उशीर करतात थे," ती म्हणाली.

"येतीन," गुलाबराव म्हणाले, "तवरक मी आहो न."