मार्जारवजन मोहिमेची हकिकत

विश्वाचे नियम कोणाच्या जोरावर तगले हे मागून येणारांस कळावे म्हणून घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले असेल तर चिमूटभरच.

राजमान्य राजश्री भौतिकगुरुजी, छत्तीस वर्षे पदार्थविज्ञानाची गादी चालवून निवृत्त जाहलेले, आणि त्यांचे कुटुंब, जीवशास्त्राच्या बाई, यांची चहाचे समयी जुंपली. बाईंचे म्हणणे, जिवंत प्राणी तुमच्या नियमांस पुरता बांधील नाही. गुरुजी खवळले आणि शर्त ठरली की घरचे मांजर सात दिवस नजरकैदेत ठेवावे, खाणेपिणे तोलून द्यावे, आणि खाल्ल्याहून अधिक वाढले तर गुरुजींनी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात उभे राहून ‘चुकीचे शिकविले’ ऐसे जाहीर करावे.

मांजरसाहेब काट्यावर ठरेनात. मग मसलत जाहली की त्यांस कवेत घेऊन गुरुजींनी काट्यावर चढावे आणि आपले चौसष्ट किलो वजा करावे. ते चौसष्ट पहिले दिवशी एकदाच मोजले आणि वहीत ‘स्थिरांक’ म्हणून दाखल केले. मग रोज मोर्चा चालला, आणि ओरखडे सोसले, आणि एक चष्मा कामी आला.

सातवे दिवशी ताळा पाहता पोटात गेले नऊशे ग्रॅम आणि वजन वाढले बाराशे! गुरुजींचे धाबे दणाणले.

बाई म्हणाल्या, “अहो, भाषण मी लिहून देऊ का?”

गुरुजी वही चाळू लागले, आणि नजर ‘स्थिरांक’ शब्दावर अडली, आणि तेथून ग्रंथांचे कपाटाकडे वळली. कारण डॉक्टरांनी गोड बंद केले असता ग्रंथांचे आड केकचा गुप्त साठा होता, आणि दर वजनानंतर श्रमपरिहारार्थ त्यावर छापा पडत असे. गप्प राहावे तर नियम बुडतो, बोलावे तर केक बुडतो. शेवटी मांजरावाचून एकटेच काट्यावर उभे राहिले. पासष्ट किलो दोनशे!

“मांजर आहे तेवढंच आहे,” गुरुजी पुटपुटले. “वाढलोय मी. केक. रोज.”

“कुठे ठेवलाय?”

“दुसरा खण. उष्णतेच्या पुस्तकामागे.”

बाईंनी साठा जप्त केला आणि गुन्हेगारासमक्ष उभ्या उभ्या फस्त करावयाचा हुकूम स्वतःस दिला. गुरुजींनी काकुळतीने एवढेच मागितले की आधी केक तोलावा, आणि बाईंनी खाण्याआधी व नंतर काट्यावर चढावे. केक भरला दोनशे ग्रॅम. बाई वाढल्या दोनशे ग्रॅम, न कमी न जास्त. येणेप्रमाणे समस्त जीवसृष्टी नियमांचे अमलाखाली रुजू जाहली आणि गुरुजींची, उपाशीपोटी, फत्ते जाहली.