निवृत्तीचा फ्लेक्स कसा वाचावा

नोकरदाराचा पैसा नोकरदाराच्या आधी म्हातारा होतो, हे शास्त्र आहे. पगारातून दरमहा कापला जाणारा पेन्शनचा हप्ता तरुणपणी शेअर बाजारात हुंदडतो. माणसाने पस्तिशी ओलांडली की त्याला तिथून थोडाथोडा परत बोलावतात आणि सरकारी रोख्यांच्या सावलीत बसवतात. पंचावन्नाव्या वर्षी शेअरमध्ये रुपयातले जेमतेम दहा पैसे उरतात. हे सगळं आपोआप होतं. सभासदाने काहीही समजून घेण्याची गरज नसते, आणि आमच्याकडचे सभासद ही सवलत पुरेपूर घेतात.

कोरेगावच्या जोतीराम बर्गे यांनी ती वीस वर्षं घेतली. दूध संघात ते फॅट तपासायचे. दुसऱ्याच्या दुधात पाणी किती, हे त्यांना कॅन उघडताच कळे. स्वतःच्या हप्त्याचं पुढे काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. (विचारायला फॉर्म भरावा लागतो.)

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा संघाने साताऱ्यात मार्गदर्शन शिबिर घेतलं. परिपत्रकात 'सपत्नीक यावे, नाश्त्याची सोय केली आहे' असं असल्यामुळे उपस्थिती उत्तम होती. जोतीरामांबरोबर चंद्राबाईही गेल्या. अधिकाऱ्यांनी पडद्यावर एक गोल दाखवला. त्यातला तांबडा भाग, म्हणजे शेअर, वर्षागणिक आकसत गेला. हिरवा, म्हणजे रोखे, पसरत गेला. "वय वाढेल तशी जोखीम कमी," अधिकारी म्हणाले. शेवटी एका वाट्याची महिन्याची पेन्शन होणार आणि उरलेला मोठा वाटा एकरकमी हातात येणार, हे त्यांनी सांगितलं तेव्हा सभागृहाने पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर चंद्राबाई उठल्या. "आवं सायेब, ती रक्कम हातात घेतलीच न्हाई, हाय तितंच ठिवली तर?"

अधिकारी पाणी प्याले. चालतं, म्हणाले. तसा अर्ज द्यायचा. रक्कम तिथेच राहते, लागेल तशी थोडीथोडी काढता येते. "पण तसं कोणी करत नाही, ताई." (किती जणांनी केलं याची आकडेवारी उपलब्ध नाही, कारण ती आजवर कोणी मागितलेली नाही.)

चंद्राबाईंच्या विचारण्याला कारण होतं. त्यांचे थोरले दीर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या एकरकमी रकमेची मुलाने दोन वर्षांत एक गाडी आणि एक बंद पडलेलं जिम केलं. आता दीर चहाला जायचं तर सुनेच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. ते चंद्राबाई रोज बघायच्या.

इथे आपण फ्लेक्सकडे वळू. पेन्शन फंड कुठे गुंतवला आहे, हे फंडाच्या विवरणपत्रात असतं. तो कुठे गुंतवला जाणार आहे, हे सेवापूर्ती सोहळ्याच्या फ्लेक्सवर असतं. जोतीरामांचा फ्लेक्स निवृत्तीच्या आठवडाभर आधी चौकात लागला. मधोमध फेटा बांधलेले जोतीराम आणि भोवती शुभेच्छुक. जाणकार तो असा वाचतात: फोटो जेवढा मोठा, तेवढी मागणी मोठी. फोटोतला माणूस मोबाईल कानाला लावून असेल तर धंदा अजून सुरू व्हायचा आहे. गॉगल असेल तर जोखीम अति उच्च.

मुलगा शिवतेज याचा फोटो वडिलांएवढाच होता, मोबाईलसह. त्याला मेढ्याच्या डोंगरात तंबूंचं रिसॉर्ट काढायचं होतं. "आबा, पैसा फिरता पायजे," तो रोज जेवताना सांगे. शिराळ्याचे जावई वीरधवल गॉगल घालून होते. ते नम्रपणे एवढंच म्हणत, "मामा, आमी कुटं मागतुय? पर हाटेलाला पार्टनर घरचाच बरा." खालच्या रांगेत चुलत, मावस आणि 'समस्त मित्र परिवार' यांचे तिकिटाएवढे फोटो होते, त्यांच्या अपेक्षा उसनवारीपुरत्या होत्या. चंद्राबाईंचा फोटो नव्हता. जागा पुरली नाही, असं समजलं.

म्हणजे ज्या पैशाची जोखीम तज्ज्ञांनी वीस वर्षं चिमटीने उचलून कमी करायची, ती सगळी एका दुपारी जेवणावळीसकट भरून काढण्याची आपल्या समाजात चोख व्यवस्था आहे. तिला कुटुंबसंस्था म्हणतात आणि जगात तिचं फार कौतुक होतं.

सोहळा थाटात झाला. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. शाली इतक्या आल्या की जोतीराम त्यांच्यामागे दिसेनासे झाले. प्रत्येक वक्त्याने त्यांना आता निवांत राहायला सांगितलं. वीरधवल यांनी तर 'मामांनी आता कसलंच टेन्शन घेऊ नये, ते आमच्यावर सोडावं' असं जाहीर केलं. मग सत्काराला उत्तर द्यायला जोतीराम उठले. वीस वर्षं ते साहेबांपुढेही कधी मोठ्याने बोलले नव्हते.

"पाव्हणं, जेवल्याबिगर जाऊ नका," ते म्हणाले. "आन् एक सांगायचं ऱ्हायलं. पैसं मी आनलंच न्हाईत. हाय तितंच ठिवल्यात. तसा अर्ज दिलाय. ही म्हनली, आन् मला बी पटलं."

टाळ्या वाजल्या नाहीत. जिलबी वाढणारे ताट हातात धरून थांबले. शिवतेज मंडपाबाहेर गेला तो जेवायलाही आला नाही, आणि पुढे महिनाभर आबांशी बोलला नाही. जोतीरामांना त्याचं फार वाईट वाटलं. चंद्राबाई म्हणायच्या, "बोलंल की. पोरगंच हाय आपलं. पर हात पसरायची पाळी आली आसती, तर आपुनच त्येच्याशी बोललो नसतो."

फ्लेक्स वाया गेला नाही. चंद्राबाईंनी तो उतरवून कडब्याच्या गंजीवर टाकला. पावसाळाभर खालची एकही पेंढी भिजली नाही. सर्व शुभेच्छुकांनी मिळून केलेलं हे पहिलं संरक्षण होय.

शेवटी वाचकांसाठी सूचना. आपल्या वडिलांच्या, सासऱ्यांच्या किंवा काकांच्या निवृत्तीची तारीख आपल्याला हे वाचतानाच आठवली असेल. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांनी त्या पैशासाठी काय काय सोडलं, ते आठवलं नसेल. त्यात अवघडून जाण्यासारखं काही नाही. फ्लेक्ससाठी फोटो निवडून ठेवलाच असेल, तर तो एकदा बघून घ्या. गॉगल नाही ना?